बाईसाहेबांचा पुढचा डावा पाय

बाईसाहेब तीन पायांवर उभी होती. चौथा नुसता टेकवलेला, गरम चहाच्या कपाला ओठ लावून बघावा तसा.

आत्याने हे कुंपणापासूनच पाहिलं आणि हातातलं गवत तिथेच टाकलं.

बाईसाहेब म्हणजे घोडी. तपकिरी, सोळा वर्षांची, कपाळावर पांढरा ठिपका. रुबाब असा की वाटावं, आपण तिला पाळलेलं नाही, तिनेच आपल्याला कामावर ठेवलंय. आत्याने चौतीस वर्षं बेकरीत भट्टीसमोर काढली, निवृत्त झाली आणि भावाकडे राहायला आली. येताना दोन सुटकेस आणि एक घोडी घेऊन आली. सुटकेस ठेवायला जागा नव्हती. घोडीला होती, कारण घरामागे दादाचं कुरण होतं.

दादा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, मोजणी खात्यातून निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता घरातलं जे सापडेल ते मोजतो. वहिनीने भात लावला तरी हा पातेल्यात बोट बुडवून पाण्याची उंची बघणार. माणूस वाईट नाही. फक्त एकदा आखलेली रेघ तो हलवत नाही.

आणि सात महिन्यांपूर्वी, आत्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, त्याने एक रेघ आखली होती.

"वर्षभर घोड्यावर बसायचं नाही. डॉक्टरने सांगितलंय. बसलीस, तर दुसऱ्या दिवशी घोडी माझ्या मेव्हण्याच्या शेतावर."

"कुठे, तिकडे? दिवसभराचा प्रवास आहे तो!"

"म्हणूनच तिकडे."

नुसतं बोलून थांबला असता तर तो दादा कसला. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. खाली तारीख, सही. वहिनीची साक्षीदार म्हणून सही. वहिनीने सही केली आणि म्हणाली, "अहो, आता घोडीचा अंगठा पण घ्या."

तर, सात महिने आत्या त्या कागदासमोरून दूध काढत होती, दूध ठेवत होती. सात महिने शहाण्यासारखी वागली. आणि काल पहाटे नाही वागली.

बेकरीची सवय, चारला डोळा उघडतोच. पाचच्या सुमाराला ती कुरणात गेली, नुसतं गवत घालायला. खरंच नुसतं गवत घालायला. पण कुंपणाजवळ पावाचा जुना क्रेट पालथा पडलेला होता, आणि बाईसाहेब येऊन नेमकी त्या क्रेटला लागून उभी राहिली. आडवी. पाठ पुढे करून. आता समोरून कोणी एवढं म्हणत असेल तर नाही कसं म्हणायचं?

क्रेटवर उजवा पाय, मग डावा, मग देवाचं नाव, मग वर.

आधी नुसती चालवली. मग थोडी दुडकी. थोडी म्हणजे पाऊण कुरण. वारा तोंडावर, हातात आयाळ, आणि आत्या एकसष्ट वर्षांची नव्हती, कितीचीच नव्हती. पंचाईत झाली ती उतरताना. क्रेट एका टोकाला, या दोघी दुसऱ्या टोकाला, आणि बाईसाहेबला मधल्या गवताची एकही काडी सोडायची नव्हती. पाव तास आत्या वर बसून राहिली, छपरावर अडकलेल्या मांजरीसारखी. हे सगळं फक्त पंचाने पाहिलं. पंच म्हणजे गाढव. घोडीला सोबत म्हणून आणलेलं. कायम हद्दीवर उभा राहून सगळ्यांकडे बघत असतो, म्हणून पंच.

आणि आज ही अशी. तीन पायांवर.

आत्याने पुढचा डावा पाय वरून खाली चाचपला. खांदा, ठीक. गुडघा, ठीक. गुडघ्याखाली मागच्या बाजूला जरा सुजलेलं, गरम. झालं. शीर गेली. माझं वजन, माझी हौस, माझी दुडकी, आणि घोडीच्या पायाची शीर गेली.

याच्या खाली खूर असतो. घोडी लंगडली की आधी खूर उचलून बघायचा हे आत्याला काय माहीत नव्हतं? विशीपासून घोडे सांभाळलेली बाई. पण खूर उचलायचा म्हणजे कमरेत वाकून गुडघा मोडायचा, आणि नवा गुडघा तेवढा मोडत नव्हता. म्हणून तर खूर साफ करायचं काम सात महिने दादाकडे होतं. दादाला खूर उचलायला सांगायचं म्हणजे दादा विचारणार, का? कधीपासून? काय झालं? तर आत्याचा गुडघा जिथवर वाकत होता, तिथवरच तिचं निदान पोचलं आणि थांबलं.

मग ती कामाला लागली. कुरणाच्या कोपऱ्यात दोन फाटकं आडवी लावून छोटं आवार केलं, म्हणजे घोडी जास्त चालणार नाही. सोबतीला पंचाला आत घेतलं, नाहीतर बाईसाहेबने एकटीने आरडाओरडा करून गाव गोळा केलं असतं. मग नळापाशी उभी करून पायावर गार पाण्याची धार, वीस मिनिटं. मग पट्टी. दुपारी परत धार, परत पट्टी. आत्याने पाव जसे ऊन लागू न देता झाकून ठेवले असते, तसा तो पाय झाकून ठेवला.

संध्याकाळी दादा मागच्या दारात उभा राहिला.

"हिला कोपऱ्यात का कोंडलंय?"

"जरा लंगडतेय."

"जरा म्हणजे किती?"

आता यावर काय सांगणार? "जरा म्हणजे जरा, दादा. पट्टी घेऊन मोजायचंय का तुला?"

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

"कशाने?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

दादाने तिच्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, पंचाकडे पाहिलं. पंचाने तोंड फिरवलं. दादा आत गेला आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन करून आला. "उद्या दहाला येतोय."

आत्याला रात्रीचं जेवण गेलं नाही. तिच्या डोक्यात एकच. कणकेला बोट लावून ती सांगू शकायची की पाणी कधी पडलं, किती पडलं आणि कोणाचा हात लागला. मग डॉक्टरने पायाला बोट लावलं की त्याला नाही कळणार? तो म्हणणार, काका, हिच्यावर परवा पहाटे बहात्तर किलो बसले होते. आणि परवा सकाळी दारात टेम्पो.

म्हणजे उद्या दहा वाजता घोडी जितकी कमी लंगडेल तितकं बरं.

कपाटात गेल्या वर्षीची दुखण्याची पावडर होती. घोडीची. सफरचंद मधून पोखरून एक पुडी भरली. सकाळी आणखी एक. मग वाटलं, एवढी मोठी घोडी, एक पुडी कुठे पुरते, म्हणून अजून अर्धी. बाईसाहेबने सफरचंदं अशी खाल्ली की पोखरल्याचं श्रेयच नाही. मग परत गार पाण्याची धार, एवढी की सूज गेली, गरमपणा गेला, पाय कसा आरशासारखा झाला.

या सगळ्या धावपळीत आत्या स्वतःची गोळी घ्यायला विसरली. आणि पहिल्या दिवशीच्या त्या दुडकीचा हिशोब आता तिचा स्वतःचा गुडघा मागत होता.

दहाला डॉक्टर आला. तरुण, बुटांना चिखल, कानाला फोन. पलीकडे कुठेतरी एक गाय अडली होती आणि तो दर दोन मिनिटांनी "पाणी गरम ठेवा, येतोच" म्हणत होता.

"आत्या, जरा चालवून दाखवा. सरळ त्या झाडापर्यंत, आणि मग दुडकीने परत."

"मी नेतो," दादा म्हणाला.

पण बाईसाहेब आत्याशिवाय कोणाबरोबर चालत नाही. दादाने दोरी ओढली, तिने फक्त मान लांब केली. पाय जागचा हलला नाही. दादाने दोरी आत्याला दिली.

निघाल्या दोघी. वहिनी स्वयंपाकघराच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती, नाटकाचा पडदा वर गेल्यासारखी नीट सावरून बसली. जाताना चालत. येताना दुडकी. बाईसाहेब अडीच पुड्यांच्या जोरावर लग्नाला निघाल्यासारखी येत होती, आणि शेजारी आत्या ओठ दाबून, एक पाय टाकून दुसरा ओढत.

डॉक्टरने हाताची घडी घातली. पाहिलं. म्हणाला, "परत एकदा."

परत एकदा.

"हं," तो म्हणाला. "लंगडतंय खरं. डाव्याच पायात. दुखरा पाय टेकला की डोकं वर उडतं, बघा. एक, आणि वर. एक, आणि वर. अगदी स्पष्ट."

"घोडीचं?" दादाने डोळे बारीक केले.

"नाही. आत्यांचं."

पायरीवर वहिनीला ठसका लागला.

"घोडी ठीक आहे," डॉक्टर म्हणाला. त्याने पायावरून हात फिरवला, गुडघ्यापासून खाली. "सूज नाही, गरम नाही. आखडली असेल. औषध वगैरे काही दिलंय का?"

"नाही," आत्या म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

"आणि तुझ्या गुडघ्याला काय झालं?" दादा. "रविवारी तर जिना चढलीस. मी मोजलं, चौदा पायऱ्या, एकदाही कठडा धरला नाहीस."

"न्हाणीघरात सटकले."

"कधी?"

"अरे, आता सटकायची पण नोंद ठेवू का?"

डॉक्टरचा फोन परत वाजला. गाय. त्याने बॅग बंद केली. "काका, या कोपऱ्यातून काढा हिला. मोठ्या कुरणात सोडून द्या, मोकळी पळू दे. आखडलेलं पळूनच सुटतं. परत लंगडली तर फोन करा."

दादा आवाराच्या फाटकाकडे निघाला. कडी काढायला.

आत्या तिथेच उभी. ठरवल्याप्रमाणे सगळं झालं होतं. डॉक्टरला कळलं नाही. दादाला कळलं नाही. टेम्पो येणार नव्हता. फक्त आता बाईसाहेब मोठ्या कुरणात जाणार होती. दुखणं कळत नसल्यामुळे जीव तोडून पळणार होती, आणि अर्धी तुटलेली शीर पूर्ण तुटणार होती. घोडीची शीर पूर्ण तुटली की पुढे काय करतात ते आत्याने एकदा पाहिलं होतं. तिला परत पाहायचं नव्हतं.

कडी वाजली.

"थांब," आत्या म्हणाली.

दादा थांबला.

"पावडर दिलीये मी तिला. दुखण्याची."

डॉक्टरने फोन कानापासून दूर धरला. "किती?"

"एक."

"आत्या."

"दोन. अडीच. आणि सकाळपासून पाणी मारतेय, म्हणून सूज दिसत नाही. काल पायच टेकवत नव्हती."

"पण का?" डॉक्टर म्हणाला. "लोक मला बोलावून दुखणं दाखवतात. लपवून ठेवायला मला कशाला बोलावलंत?"

"मी नाही बोलावलं. याने बोलावलं."

दादा फाटकाला टेकून उभा होता. त्याला घाई नव्हती. चाळीस वर्षं तो हद्दीच्या भांडणात उभा राहिलेला माणूस, खरं बोलणं कुठून येतं हे त्याला माहीत होतं. गप्प बसलं की येतं.

आलं.

"परवा पहाटे बसले होते मी तिच्यावर." आत्याने दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "दहा मिनिटं. आणि पाव तास उतरता येईना म्हणून. शीर माझ्यामुळे गेलीये. काय करायचं ते कर, दादा, पाठवायची तर पाठव, पण आत्ता मोठ्या कुरणात सोडू नकोस. पाया पडते तुझ्या."

"या गुडघ्याने पाया कशी पडशील?" दादा म्हणाला. पण आवाजात विनोद नव्हता. "कागदावर काय लिहिलंय, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग झालं."

इतक्यात डॉक्टरने, फोनवर "दहा मिनिटं" असं म्हणत, बाईसाहेबच्या खांद्याला खांदा लावला, वाकला, आणि पुढचा डावा पाय उचलून आपल्या मांड्यांत धरला. दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्या पायाचं खालचं टोक बघत होतं. त्याने बॅगेतून लांब दांड्यांचा चिमटा काढला आणि खुराच्या कडेने एकेक बोट सरकत दाबत गेला. इथे काही नाही. इथे काही नाही. इथे...

बाईसाहेबने अडीच पुड्या विसरून पाय असा हिसकला की डॉक्टर पंचाच्या अंगावर जाऊन आदळला. पंच हलला नाही.

"हं! सापडलं." डॉक्टर खूश. त्याने पाय परत उचलला आणि वाकड्या सुरीने खुराच्या त्या जागचा पातळ पातळ पापुद्रा काढत गेला. एक काळा ठिपका दिसला. ठिपक्यामागे रेघ. रेघेच्या टोकाला सुरी पोचली आणि आतून काळपट, घाण वासाचं पाणी फुस्सकन बाहेर आलं. वहिनीने पायरीवरूनच नाकाला पदर लावला. आणि बाईसाहेबने असा सुस्कारा सोडला की तिच्या नाकपुड्या थरथरल्या.

"शीर वगैरे काही नाही," डॉक्टर म्हणाला. "खुरात पू झालाय. बारीक खडा आत शिरलेला. पू कोंडला की वर पाय सुजतो, माणसाला वाटतं शीर गेली. आठवडाभरात चालायला लागेल."

आत्याला आधी कळलंच नाही. "पण मी बसले..."

"तुम्ही परवा बसलात. हे पाच-सहा दिवस तरी आत शिजतंय. तुमचा काही संबंध नाही. उलट तुम्ही पाणी मारून मारून खूर मऊ केलात, म्हणून सुरी पटकन पोचली. पण खडा आत शिरला तोही खूर आधीच मऊ होता म्हणून. बघा, वरचा थर नखाने निघतोय. ही सतत ओलीत उभी असते का? कुठे?"

तिघांच्याही माना एकाच दिशेला वळल्या.

नळाकडे.

कुरणातला नळ आठ महिने गळत होता. टप, टप, टप. खाली चांगलं बैठकीच्या खोलीएवढं डबकं झालं होतं, आणि पाणी प्यायला घोडी रोज त्यातच उभी. दादाने प्लंबर बोलवू दिला नव्हता. स्वतः दुरुस्त करणार होता. आधी त्याने गळणारं पाणी मोजलं, मिनिटाला किती थेंब. मग डबक्याचा नकाशा काढला, उतार दाखवून, दोन रंगांत. वायसर तेवढा बदलला नव्हता.

"आणि खुरात खडा अडकलाय हे साफ करताना दिसायला हवं होतं," डॉक्टर बॅग आवरत म्हणाला. "रोज साफ करतं कोण?"

दादाने घसा खाकरला. "तसा... तक्ता आहे. रोज खूण करतो मी."

"खूण करताय हो तुम्ही," वहिनी पायरीवरून म्हणाली. "चहा पिता पिता करताय. चिखलात पँट खराब होते म्हणून मागच्या सोमवारपासून त्या घोडीजवळ गेलाय का? मी बघत असते इथून."

"तू काय काय बघत असतेस?"

"सगळंच. परवा पहाटे हिला पण बघितलं." वहिनीने कप खाली ठेवला. "चहा ठेवला, आधण आलं, चहा झाला, पिऊन झाला, तरी ही वरच."

"वहिनी!" आत्या किंचाळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"आणि मला सांगितलं नाहीस?" दादा. "कागदावर सही आहे तुझी!"

"साक्षीदाराची आहे. मला कोणी साक्ष विचारली का?"

डॉक्टरला गायीकडे जायचं होतं, पण त्याचा पाय निघत नव्हता. शेवटी त्याने नीट समजावलं. खुराला गरम पोटीस बांधायचं, वर जाड कापड, रोज बदलायचं. आठ-दहा दिवस याच आवारात, पण कोरड्यात. पावडर बंद. आणि हिला कुठे पाठवायचं वगैरे जे काय चाललंय, त्याचा, टेम्पोतून उभी न्यायची तर, महिनाभर विचारसुद्धा करू नका.

तो गेला. दादा फाटकाजवळ तसाच उभा. कागदाप्रमाणे बघितलं तर आत्या चुकली होती, यात वाद नव्हता. आणि खुराकडे बघितलं तर तो स्वतः. आयुष्यभर दोन्ही बाजूंचं ऐकून मध्ये रेघ मारली, पण एका बाजूला आपणच उभे असलो तर रेघ कुठून मारतात हे खात्यात कोणी शिकवलं नव्हतं.

"तू बसलीस," तो शेवटी म्हणाला.

"बसले."

"नियम मोडलास."

"मोडला. पाठव तिला तुझ्या मेव्हण्याकडे, महिन्याने. पण तिने का यायचं हे त्याला तू सांगायचं. नळापासून सुरुवात करून."

"माझ्या भावाला मी सांगेन ना," वहिनी म्हणाली. "नकाशासकट."

दादा घरात गेला. फ्रिजचं दार वाजलं. कागद फाडला की काय, आत्याला कळेना. तो बाहेर आला तेव्हा हातात पाना होता. नळाची दुरुस्ती अकरा मिनिटांत झाली. वहिनीने घड्याळ लावून मोजली आणि मोठ्याने सांगितली.

पुढचे दहा दिवस दादाने असे काढले की विचारू नका. सकाळी खूर उचलायचा, गरम पोटीस, कापड, गाठ. डबक्यात खडी टाकून जागा कोरडी केली. आणि दहाच्या ठोक्याला फाटकाजवळ उभा. "चला, दोघी. झाडापर्यंत." आत्या दोरी धरून, बाईसाहेब मागे. हा डोकं वर उडतंय का बघणार आणि वहीत दोन रकाने भरणार. सहाव्या दिवशी घोडीचा रकाना कोरा गेला. आत्याचा नवव्या. "ती आधी पास झाली," दादा म्हणाला. "तिला चार पाय आहेत, वाटून घेता येतं," आत्या म्हणाली.

अकराव्या दिवशी पहाटे ती गवत घालायला गेली. फ्रिजवरचा कागद अजून तिथेच होता, सही-शिक्क्यासकट, आणि वर्ष पुरं व्हायला पाच महिने बाकी. बाईसाहेब मोठ्या कुरणात सुटलेली, चारही पाय ठणठणीत. आत्याची नजर सवयीने कुंपणाजवळ गेली. पावाचा क्रेट गायब.

त्याच्या जागी लाकडाचा एक नवा जिना होता. तीन पायऱ्या, रुंद, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, एका बाजूला धरायला कठडा. पायऱ्यांची उंची अशी की नवा गुडघा कुरकुर न करता चढेल. कोणीतरी नीट मोजून केला होता.

दादा मागच्या दारात चहा घेऊन उभा होता.

"हे काय रे?"

"नळापाशी पोचायला."

आत्याने नळाकडे पाहिलं. नळ दादाच्या कमरेएवढा होता.

"बरं," ती म्हणाली.

"पाच महिने नुसता नळ," दादा म्हणाला, आणि आत गेला.

बाईसाहेब तेवढ्यात चालत आली आणि नेमकी जिन्याला लागून उभी राहिली. आडवी. पाठ पुढे करून. हद्दीवरून पंच बघत होता.

आत्याने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.